मधल्या पाण्यातले मासे

जाळं चाकूने कापलं होतं, आणि तेही घाई न करता. सकाळी होडीत ओढून घेताना युनीस बेलांजरच्या ते लगेच लक्षात आलं. मोटरबोटीच्या पंख्यात सापडलेलं जाळं पिळवटतं, त्याचा बोळा होतो. इथे वरच्या दोरीपासून खालच्या शिशाच्या गोळ्यांपर्यंत सरळ चिरा होत्या. हातभर अंतरावर एक, अशा बावीस. कुणीतरी जाळं मांडीवर घेऊन, भाजी चिरावी तसं निवांत बसून काम केलं होतं. मासा एकही नव्हता.

भाची ट्रूडी होडी चालवत होती. ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता पोलिसांत जाऊ.

"जा की," युनीस म्हणाली. "ते लिहून घेतील. लिहून घ्यायला ते फार हुशार आहेत."

तिने जाळ्याची घडी घातली, पायाशी ठेवली आणि काठ येईपर्यंत तोंड उघडलं नाही. एकसष्टाव्या वर्षी ती बोलण्यापेक्षा न बोलण्याबद्दल जास्त प्रसिद्ध होती. बोललीच तर समोरच्याला वाटे, गप्प होती तेच बरं होतं.

निगिग सरोवर तीस मैल लांब आहे. पूर्वेचा काठ ओजिब्वे आदिवासींचा, युनीसच्या जमातीचा. पश्चिमेला गोऱ्यांचं हॉर्न पॉइंट गाव आणि त्याला लागून पाहुण्यांसाठी बांधलेल्या लाकडी खोल्यांच्या रांगा. दोन्ही काठांचा जीव एकाच माशात अडकलेला: वॉलआय. सोनेरी अंगाचा, दुधाळ काचेच्या गोटीसारख्या डोळ्यांचा, पांढऱ्या, गोड मांसाचा. एके काळी जूनमध्ये किनाऱ्याजवळच्या खडकांवर गळ टाकला की तासाभरात घरापुरते मासे मिळत. मग दर वर्षी कमी मिळू लागले. मग पाहुणे दिवसभर बसून एखादा आणू लागले. शेवटी तर कुणाला वॉलआय मिळाला की त्याची बातमी व्हायची.

गाव म्हणे, जाळ्यांनी खाल्ले. जमात म्हणे, पाहुण्यांच्या बर्फाच्या पेट्या भरभरून गेले ते कुणी खाल्ले? दोन्ही काठ एकमेकांना पाण्यात पाहत होते, आणि त्या पाण्यात मासा नव्हता.

युनीस पूर्वेच्या काठावर जन्मली. सातव्या वर्षी सरकारने तिला घरातून उचलून गोऱ्यांच्या निवासी शाळेत नेलं. तिथे ती कपडे इस्त्री करायला आणि मनातलं चेहऱ्यावर येऊ न द्यायला शिकली. रे बेलांजरशी लग्न केलं. तो कामासाठी मिनियापोलिसला गेला आणि तिकडचाच झाला. त्याला शोधायला जा, असं लोक तिला सांगत. ती म्हणे, हरवलेली वस्तू शोधतात, टाकून गेलेली नाही. तेहतिसाव्या वर्षी ती पश्चिम काठावर ट्वेट कुटुंबाच्या रिसॉर्टमध्ये कामाला लागली. सकाळी खोल्या झाडायच्या, चादरी बदलायच्या, आणि दुपारनंतर मासे साफ करायच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहून पाहुण्यांनी पकडून आणलेले मासे चिरायचे.

त्या शेडमध्ये तिने एकोणीस उन्हाळे काढले. वास केसांतून जात नसे. घोंगावणाऱ्या माश्या सतत डोक्याभोवती. पाहुणे मासे टेबलावर फेकत आणि फोटो काढायला बाहेर जात. मांसाचे दोन तुकडे काढले की काम संपत होतं, पण युनीस प्रत्येक माशाचं पोट चिरून बघायची. कुणी सांगितलं नव्हतं. तेवढंच वेगळं काहीतरी बघायला मिळायचं. सुरुवातीच्या वर्षांत वॉलआयच्या पोटात छोटे पर्च मासे, झिंगे, पाण्यातल्या किड्यांच्या अळ्या असं सगळं किनाऱ्याजवळचं खाणं निघे. वर्षं गेली, मासे कमी झाले, आणि जे येत त्यांच्या पोटात चंदेरी टलिबीची पिल्लं निघू लागली. टलिबी हा मासा किनाऱ्याला येत नाही. तो सरोवराच्या मधोमध, अथांग पाण्यावर थवे करून फिरतो. मासे कुठे मिळाले असं युनीस पाहुण्यांना सहज विचारी. ते सांगत, अहो, परत येताना गळ तसाच मागे सोडलेला होता, मध्येच कुठेतरी लागला.

तिला उमगलं. मासे संपले नव्हते. जे थोडे उरले होते त्यांनी खडक सोडले होते आणि ते टलिबीच्या मागे मधल्या पाण्यात हिंडत होते. तिथे त्यांना कुणी शोधत नव्हतं, कारण मधलं पाणी म्हणजे फक्त ओलांडायचं पाणी, असं सगळे धरून चालत.

तिने हे एकदा सांगितलं होतं. मालकाचा मुलगा लाइल तेव्हा पाहुण्यांना घेऊन गळ टाकायला जायचा आणि हात हलवत परत यायचा. ती शेडमधून बाहेर आली आणि म्हणाली, मधे जाऊन बघ, वरून पंचवीस फुटांवर. लाइल पाहुण्यांकडे बघून हसला. म्हणाला, "बघा, आमच्या खोल्या झाडणारी आता मला मासेमारी शिकवते." पाहुणेही हसले. युनीस आत जाऊन पुढचा मासा चिरायला लागली. त्यानंतर तिने त्याला सरोवराबद्दल अवाक्षर सांगितलं नाही.

म्हातारे ट्वेट वारले, रिसॉर्ट लाइलच्या हातात आलं. त्याच सुमारास कोर्टाचा निकाल लागला की सरोवरात जाळं टाकायचा, सरकारशी झालेल्या जुन्या करारातला जमातीचा हक्क अजून जिवंत आहे. गावात दुकानांच्या काचांवर जमातीला शिव्या देणारे फलक लागले. ते युनीसने वाचले आणि ती ते विसरली नाही. मग एका शुक्रवारी लाइलने तिला बोलावून सांगितलं की सोमवारपासून येऊ नकोस, पाहुण्यांना अवघड वाटतं. युनीसने तोवर आयुष्यात जाळं टाकलेलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात तिने एक विकत घेतलं.

नऊ वर्षं ती मधल्या पाण्यात जाळं लावत आली. लोकांना वाटे, टलिबी धरते, धुरावर सुकवते, विकते. ते खरंच होतं. तिची धुरावलेली टलिबी पन्नास मैलांवरून लोक मागायला येत. पण त्याच जाळ्यात कधी तीन, कधी पाच वॉलआय लागत, आणि ते ती घरी नेई, किंवा म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दारात कागदात गुंडाळून ठेवी. कुठून आणलेस असं कुणी विचारलं तर म्हणे, पाण्यातून.

जाळं कापलं त्याच आठवड्यात हॉर्न पॉइंटच्या सभागृहात बैठक होती. राज्याच्या मासेखात्यातून मार्लिस पेट्राक नावाची बाई आली होती. चाळिशीची, उन्हाने सोललेल्या नाकाची, सरळ बोलणारी. तिने सांगितलं, उन्हाळाभर आम्ही अठरा ठिकाणी मोजणीची जाळी लावली, वॉलआय मिळाले चार. अशा सरोवरात पकडायला काही उरलेलं नाही. मी वर असं लिहिणार आहे की दहा वर्षं गळही बंद आणि जाळंही बंद.

खुर्च्या कुरकुरल्या. उजव्या बाजूला गाव बसलं होतं, डाव्या बाजूला जमात, मधली वाट मोकळी. लाइल ट्वेट उभा राहिला. तो आता एक्कावन्नचा होता, मान जाड झालेली, आवाज बापाचा. गळ बंद झाला तर हे गाव बंद होईल, असं तो म्हणाला. आणि शिक्षा कुणाला देता आहात? आम्ही एकेक मासा धरतो. काही लोक मधे जाळी टांगून ठेवतात आणि आलं ते खातात. नाव घेण्याची गरज नव्हती. उजवीकडची सगळी डोकी युनीसकडे वळली.

युनीस बसूनच बोलली. "चार नाहीत. जास्त आहेत. तुम्ही आपले आजोबा जिथे शोधायचे तिथे शोधता."

कुणीतरी मागून हसलं. मार्लिसने विचारलं, मग कुठे शोधायचे?

"खोटं बोलते ती," लाइल म्हणाला. "नऊ वर्षं हिला माहीत असतं तर हिने विकून घर बांधलं असतं."

"तुला आधीच सांगितलं होतं मी," युनीस म्हणाली. "तू हसलास."

लाइलला आठवलं की नाही कुणास ठाऊक. त्याचे कान मात्र लाल झाले. तो मार्लिसला म्हणाला, हिला दाखवू दे, आणि मी सोबत येणार. नाहीतर उद्या ही कुठलाही मासा आणून दाखवील. मार्लिस म्हणाली, मला मासे दिसले तर मी तिथे जाळी लावीन आणि मोजणी नव्याने करीन. एवढंच माझ्या हातात आहे. सगळे युनीसकडे बघत राहिले. ती म्हणाली, गुरुवारी सात वाजता, माझ्या धक्क्यावर, आणि जेवण आपापलं.

घरी येताना गाडीत ट्रूडीने तिला धारेवर धरलं. "मावशी, तू हे करायचं नाहीस. आज तू दाखवशील, उद्या तिथे त्यांच्या शंभर बोटी येतील. आपलं शेवटचं पाणी आहे ते."

"नाही दाखवलं तर जाळं बंद."

"दहा वर्षं बंद राहू दे. मासे तरी आपले राहतील."

"दहा वर्षांनी मी एकाहत्तर असेन," युनीस म्हणाली. मग, "आणि त्याच्या तोंडावर मला तो मासा आपटायचा आहे."

ट्रूडी म्हणाली, हे खरं कारण आहे. युनीस म्हणाली, हो, हेच आहे.

गुरुवारी लाइल स्वतःची चकचकीत बोट घेऊन आला. तिला माशांच्या सावल्या दाखवणारं यंत्र बसवलेलं होतं. युनीसने धक्क्याला बांधलेल्या आपल्या पिचक्या अॅल्युमिनियमच्या होडीकडे बोट केलं. तो म्हणाला, त्या डब्यातून मी येणार नाही. ती म्हणाली, मग तू इथेच थांब, आम्ही येतो जाऊन. तो पुढच्या फळीवर जाऊन बसला. मधे मार्लिस, तिची वही, पाण्याने भरलेला मोठा टब आणि माशांच्या पाठीला टोचायच्या पिवळ्या खुणांची पिशवी. मागे मोटरजवळ युनीस.

तीन दिवसांपूर्वी टलिबी होती त्या जागी ती आधी गेली. सगळ्यात जवळचा काठ तीन मैल दूर, खाली नव्वद फूट पाणी. तिने शिसं बांधलेल्या लांब दोऱ्या सोडल्या, टोकाला हेलकावे खाणारे पत्र्याचे नकली मासे, आणि होडी पायी चालण्याच्या वेगाने नेऊ लागली. एक तास गेला. दुसरा गेला. दोऱ्या सैल होत्या तशाच राहिल्या.

लाइल मजेत होता. तो मार्लिसला त्या त्या खडकांच्या गोष्टी सांगत होता, कुठे त्याच्या वडिलांनी चौदा पौंडांचा धरला होता, कुठे कोण आमदार येऊन गेला होता. मधेच मागे न बघता म्हणाला, "युनीस, इथे तळ कुठे आहे ते तरी माहीत आहे ना?"

"उतरून बघ," ती म्हणाली.

मार्लिसने वहीत डोकं घातलं.

युनीसने दोऱ्या एकेक करून चाचपल्या. नऊ वर्षांत असे कित्येक दिवस रिकामे गेले होते. तेव्हा बघायला कुणी नव्हतं. आज पुढे तो बसला होता, आणि त्याच्या मानेच्या वळ्यांवरूनसुद्धा तिला तो हसतोय हे कळत होतं. क्षणभर तिला वाटलं की ट्रूडीचं ऐकायला हवं होतं. मग तिने दोऱ्या आत घेतल्या आणि मोटर बंद करून नुसती बसली. लाइलने विचारलं, आता काय, प्रार्थना? ती पाण्यावरचा फेस बघत होती. दोन दिवस पश्चिमेचा वारा लागला होता. वरचं कोमट पाणी, त्यातले बारीक जीव, सगळं पूर्वेकडे लोटलं गेलं असणार. जीव गेले तर टलिबी गेली, आणि टलिबी गेली तर बाकीचे मागे.

ती पूर्वेकडे सात मैल गेली. वाटेत लाटा वाढल्या, होडी आपटत होती, आणि पुढच्या फळीवर बसलेल्याला प्रत्येक आपटणं कण्यात बसत होतं. तिने वेग कमी केला नाही.

पूर्वेच्या काठावरच्या देवदारांच्या खाडीबाहेर, खोल पाण्यावर, तिला लून पक्षी दिसले. सहा-सात, एकमेकांपासून दूर, बुडी मारत होते आणि बऱ्याच वेळाने वर येत होते. तिने कापलेल्या जाळ्याचा जोडून घेतलेला दहा हातांचा तुकडा काढला, पंचवीस फुटांवर टांगला आणि वीस मिनिटांनी ओढला. बोटभर लांबीची टलिबीची पिल्लं चांदीच्या तुकड्यांसारखी होडीत पडली.

"मासे आहेत," मार्लिस म्हणाली.

"हे जेवण आहे," युनीस म्हणाली. "जेवणारे अजून दिसायचेत."

तिने परत दोऱ्या सोडल्या. आता एक दोरी मार्लिसच्या हातात दिली, एक लाइलच्या. तो घेईना. ती म्हणाली, घे, नाहीतर उद्या म्हणशील की मी आधीच बांधून आणला होता.

दुपार झाली. युनीसने डबा उघडला. रानतांदूळ, बटाटा आणि तळलेली पोळी. ती सावकाश जेवली. लाइलने काही आणलं नव्हतं, तासाभरात फजिती बघून परत येऊ असा त्याचा हिशोब होता. मार्लिसने त्याला आपलं अर्धं सँडविच दिलं. युनीसने डबा पुसून घेतला आणि झाकण लावलं.

तेव्हा तो बोलला. बहुधा भुकेने, बहुधा उन्हाने. "बाबांनी तुला एकोणीस वर्षं काम दिलं. दुसऱ्या कुणी दिलं असतं त्या काळात? आणि तू जाळं टाकून परतफेड केलीस."

"तुझ्या बापाने मला सुरी दिली," युनीस म्हणाली. "काम मी केलं. जाळं तू दिलंस. त्या शुक्रवारी."

मार्लिस दोघांच्या मधे बसलेली. तिने दूरच्या काठाकडे बघायला सुरुवात केली.

"माझं जाळं तू कापलंस?"

"नाही."

"कुणी कापलं ते माहीत आहे?"

लाइलने दोरीकडे बघितलं. "माहीत आहे. मी थांबवलं नाही."

"बावीस चिरा होत्या," युनीस म्हणाली. "निवांत बसून केलेलं काम. एवढा वेळ होता तुला थांबवायला."

तो काही बोलणार तेवढ्यात मार्लिसची दोरी ताणली. झटका नव्हता, नुसतं जड ओझं, ओली गोणी ओढावी तसं. तिने हातावर हात घेत ओढलं, आणि हिरव्या पाण्यातून आधी ते दोन दुधाळ डोळे वर आले. वॉलआय. अडीच पौंडांचा. तिने तो टबात सोडला, मोजला, पाठीला पिवळी खूण टोचली आणि पाण्यात परत ठेवला. लाइल म्हणाला, एखादा चुकून येतो.

पाच मिनिटांनी त्याच्याच हातातली दोरी ताणली.

तो मासा मोठा होता. लाइलने आयुष्यभर मासे धरले होते, पण वॉलआय त्याच्या हाताला सहा वर्षांत लागला नव्हता, आणि त्याचे हात ते विसरले नव्हते. तो उभा राहिला, गुडघा फळीला टेकवला, दोरी देत-घेत राहिला, आणि तेवढा वेळ त्याच्या चेहऱ्यावर युनीसबद्दल काहीच नव्हतं. तो मासा होडीच्या कडेला आला तेव्हा युनीसने जाळीचा झोला खाली घातला, कारण तिथे तीच जवळ होती. दहा पौंडांची मादी, पोटाने तट्ट. लाइल त्या मादीकडे बघत राहिला. युनीस वाट बघत होती. त्याने एक शब्द बोलावा, कुठलाही, अगदी शिवी चालली असती. त्याने टोपी सरळ केली आणि खाली बसला.

तो मासा त्याच्या तोंडावर आपटायचा होता, पण ज्याच्या तोंडावर आपटायचा तो आपल्याकडे बघतच नसेल तर काय आपटणार? युनीसनेच तो पाण्यात सोडला.

दीड तासात अकरा मासे निघाले. मग लून पक्षी दक्षिणेला सरकले आणि दोऱ्या पुन्हा सैल झाल्या. मार्लिसची वही भरली होती. परत निघताना युनीसने पाहिलं की लाइल मागे वळून बघतोय. आधी खाडीच्या टोकावरच्या पांढऱ्या कड्याकडे, मग दूर गावाच्या पाण्याच्या टाकीकडे. दोन्ही रेषा जिथे मिळतात ती जागा तो मनात धरत होता. असंच त्याच्या बापाने खडक लक्षात ठेवले होते. युनीसला ते दिसलं आणि तिने त्याला खुशाल धरू दिलं.

शनिवारी त्या जागेवर चाळीस बोटी होत्या. ट्रूडीने काठावरून दुर्बिणीतून मोजल्या आणि रागाने लालबुंद होऊन मावशीकडे आली. युनीस कपडे वाळत घालत होती. वारा गुरुवारी रात्रीच फिरला होता. चाळीस बोटींना दोन दिवसांत मिळून तीन टलिबी आणि एक पाइक मासा मिळाला.

मार्लिसने मधल्या पाण्यात पुन्हा जाळी लावली, हलत्या थव्यांच्या मागे जात, युनीस सांगेल तशी. आकडा चारपेक्षा खूप वर गेला, आणि तरीही तो थोडाच होता. सरोवर बंद झालं नाही. पण गळाला दिवसाला एकच मासा अशी मर्यादा आली, आणि जाळं वर्षात फक्त एक महिना.

याचे आभार युनीसला कुणी मानले नाहीत. गावाने म्हटलं, नऊ वर्षं दडवून ठेवणारी चोरच म्हणायची. तिच्या स्वतःच्या काठावर परिषदेच्या बैठकीत एक म्हातारा उठून म्हणाला, कोर्टाने आपल्याला बारा महिने दिले होते, बेलांजरबाईंनी एक ठेवला. जमात तिच्याशी भांडली नाही, पण ती आली की बोलणं थांबू लागलं. कागदात गुंडाळलेले मासे लोक दारातून उचलत, आणि आभाराचा निरोप मात्र पाठवत नसत. ट्रूडी एकटी पहिल्यासारखी भांडत राहिली. तेवढंच युनीसला घर वाटे.

सप्टेंबरात लाइलचा ट्रक तिच्या अंगणात येऊन थांबला. तो खाली उतरला नाही. काच खाली करून म्हणाला, "तू मला खोटी जागा दाखवलीस."

"अकरा मासे खोटे होते?"

"आता तिथे काही नाही."

"तिथे कशाला असेल?"

तो स्टिअरिंग धरून बसला. माझ्याकडे पाहुणे येईनासे झालेत, असं तो शेवटी म्हणाला. मग एवढंच विचारलं, की आज कुठे असतील. विचारायला त्याला जितका त्रास झाला, तितका तिला ऐकायला झाला. एक दिवस तो येऊन असं विचारील, ही गोष्ट तिने कितीदा तरी शेडमध्ये उभं राहून मनात घोळवली होती. त्यात ती दर वेळी काहीतरी खमकं बोलायची. आता तो समोर होता, चेहरा उतरलेला, आणि तिला त्याचा अजूनही तितकाच राग येत होता, जरासुद्धा कमी नाही.

"लाइल, तुला जागा पाहिजे," ती म्हणाली. "जागा नसते. रोज शोधावं लागतं."

"मग शिकव."

"एकदा शिकवलं होतं."

ती आत गेली. ट्रक बराच वेळ तिथेच उभा होता, मग गेला. त्या शरदात कुणीतरी तिच्या होडीच्या तळाला चार भोकं पाडली. कुणी ते तिने या वेळी विचारलं नाही. भोकांना पत्रा ठोकला, डांबर लावलं, आणि बर्फ धरायच्या आधी आणखी तीन वेळा ती पाण्यावर गेली.

त्यानंतर ती बारा वर्षं जगली. दर वर्षी तिच्या वाट्याला आलेल्या एका महिन्यात ती मधल्या पाण्यात जाळं लावत राहिली. मार्लिस येऊन जाऊन असे, तिच्या होडीत बसे, माशांची पोटं दोघी मिळून चिरून बघत आणि तासन्‌तास बोलत नसत. मार्लिसलाही ती कधी गोड बोलली नाही. लाइलने रिसॉर्ट विकलं आणि गावातच राहिला. किराणा दुकानात, दवाखान्यात, रस्त्यावर दोघं समोरासमोर येत. एकदाही एकमेकांना नमस्कार केला नाही.

युनीस गेली ती ऑगस्टमध्ये, झोपेत, त्र्याहत्तराव्या वर्षी. जमातीच्या सभागृहात तिच्या नावाने जेवण ठेवायचं होतं आणि जेवणात वॉलआय असायलाच हवा, असं ट्रूडीचं म्हणणं. जाळ्याचा महिना नव्हता, म्हणून तिने आणि तिच्या दोन मुलींनी गळ घेतले. सरोवर मोठं होतं आणि मासे थोडे. पहिल्या दिवशी तिघी रिकाम्या हाताने परत आल्या आणि वाटेत एकमेकींवर खेकसल्या. दुसऱ्या दिवशी, उत्तरेला नऊ मैलांवर, त्यांना टलिबी सापडली, आणि संध्याकाळपर्यंत तिघींच्या वाट्याचे तीन मासे. तिसऱ्या दिवशी आणखी तीन. साठ माणसांना सहा मासे. ट्रूडीने त्यांचे अंगठ्याएवढे तुकडे केले, मैद्यात घोळवून तळले आणि रानतांदळावर एकेक ठेवत गेली. बेलांजरबाईंनी एकच महिना ठेवला म्हणणारा तो परिषदेतला म्हातारा पहिल्याच रांगेत बसला होता. त्याने आपला तुकडा खाल्ला आणि आणखी आहे का असं विचारलं. ट्रूडी म्हणाली, नाही.